वानगी एक, पोतं दुसरं

गेल्या रमजान ईदला माझ्या धाकट्यानं ईदी खर्च केली नाही. मामू, खाला, फुफी, शेजारचे दादामियाँ, ज्यांनी ज्यांनी नोट हातात ठेवली ती त्यानं कंपासपेटीत सरळ करून ठेवली. बकरी ईदला त्यात भर पडली. दोन ईदींचे मिळून दीड हजारांच्या वर जमले, तेव्हा त्यानं मला सांगितलं की त्याला कॉम्प्युटरवरचा एक गेम घ्यायचाय. त्या गेमची चित्रफीत तो कित्येक महिने माझ्या मोबाइलवर बघत होता. पावसानं ओले झालेले रस्ते, गजबजलेला बाजार, वळून बघणारी माणसं. मलाही ती आवडली होती. पैसे मीच ऑनलाइन भरले. चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर रात्रभर गेम उतरत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा घरी आला आणि चप्पल न काढता दारातच म्हणाला, "अब्बा, ये वो गेमच नहीं है."

आमच्या दखनीतला हा 'च' मराठीनं दिलेला. त्या एका अक्षरात त्याची सगळी तक्रार होती. गेम वाईट निघाला असं तो म्हणत नव्हता. जे दाखवलं ते दिलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाजार होता, पण रिकामा. माणसं होती, पण वळून बघत नव्हती. पुढे बरं काही येईल या आशेनं तो खेळत राहिला आणि परत करायची मुदत उलटून गेली. मी ती चित्रफीत पुन्हा लावली. शेवटी इंग्रजीत, बारीक अक्षरात, डोळा मिटायच्या आत निघून जाणारी एक ओळ होती. प्रत्यक्ष खेळ वेगळा असू शकतो, असा तिचा अर्थ होता.

पोराला काय सांगावं हे मला सुचलं नाही. तेव्हा सवयीप्रमाणे मी जुन्या गोष्टींत शिरलो. हा लेख त्यातूनच आला.

मोंढ्यातला शब्द

माझे वडील मोंढ्यात मापाडी होते. सुगीत शेतकरी पोती आणायच्या आधी कधी रुमालात, कधी टोपीत मूठभर ज्वारी किंवा तूर घेऊन आडत्याकडे यायचे. तिला वानगी म्हणत. आडत्या ती तळहातावर पसरायचा, फुंकर मारायचा, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघायचा, मग भाव बोलायचा. पोती आली की त्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मधला माल काढला जायचा आणि वानगीशेजारी ठेवला जायचा. दोन्ही जुळले तर सौदा कायम. नाही जुळले तर कुणीतरी ओरडायचं, "वानगी एक अन् पोतं दुसरं!" मग भाव तुटायचा आणि त्या माणसाचं नावही खाली यायचं. पुढच्या सुगीत त्याची वानगी कुणी मनावर घेत नसे.

मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे शब्दांची ओढ सुटत नाही. उर्दूत आणि मराठीत आपण 'नमुना' म्हणतो. तो फारसी शब्द. अरबीत जाऊन तो 'नमूजज' झाला आणि फिकहच्या ग्रंथांत बसला. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात 'गाव नमुना सात-बारा' आहे, तिथे त्याचा अर्थ कागदाचा ठरलेला साचा. 'डेमो' हा लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या 'दाखवणे' या क्रियापदाचा तुकडा. फरक इथेच आहे. वानगी मालातून काढलेली असते. डेमो फक्त दाखवलेला असतो. माल त्यामागे असेलच असं त्या शब्दात कुठेही नाही.

ओला ढीग आणि भरलेली कास

मालाचं चांगलं तोंड पुढे करून विकण्याची खोड बाजाराइतकी जुनी आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकलेला असतो. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना आत ओल लागते. विक्रेता पावसाचं कारण सांगतो. त्यावर त्याला विचारलं जातं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं सुनावलं जातं. यात विक्रेत्यानं खोटं वाक्य उच्चारलेलंच नाही. धान्य धान्यच होतं, पाऊसही खरा होता. वर काय ठेवायचं आणि खाली काय, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याला जास्त जवळची. उस्मानाबादी शेळी देशभर या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाते. रंगानं बहुतेक काळी, मटणालाही चांगली, दुधालाही. आमच्या आठवडी बाजारात शेळ्या-म्हशी घेणारी म्हातारी माणसं आधी कास बघतात, मग विक्रेत्याच्या तोंडाकडे. कारण बाजाराच्या आधी एकदोन वेळा धार काढलीच नाही की कास तटतटते, आणि चरवीभर देणारं जनावर हंडाभर देणारं वाटतं. अरबस्तानातही हेच चाले. त्याला 'तसरिया' म्हणत आणि हदीसमध्ये त्याला स्पष्ट मनाई आहे. अशा खरेदीत घेणाऱ्याला तीन दिवसांची मुभा सांगितली आहे. ठेवायचं तर ठेवा, नाही तर परत करा, आणि काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्या. परतीच्या तपशिलात फकीहांचे मतभेद आहेत, पण हे कृत्य गैर आहे यावर नाहीत.

यातूनच पुढे 'खियार' म्हणजे सौदा मोडण्याचा अधिकार ही कल्पना वाढली. माल न बघता घेतला तर बघितल्यावर नाकारण्याचा अधिकार. नमुन्यावरून घेतला आणि नमुन्याहून हलका निघाला तर नाकारण्याचा अधिकार. उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवरून 'मजल्ला' नावाची कायद्याची संहिता तयार केली, तिच्यात नमुन्यावरच्या विक्रीचे हे नियम कलमवार आहेत. आणि आपल्या देशातला १९३० चा माल विक्री कायदा उघडला तर कलम १७ तेच सांगतं. नमुन्यावर विकलेला माल दर्जानं नमुन्याशी जुळला पाहिजे आणि दोन्ही ताडून बघायची संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. मोंढ्यातली ती लोखंडी नळी म्हणजे हेच कलम.

कापून दिलेला तुकडा

गेमच्या डेमोची सुरुवात मात्र प्रामाणिक होती, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अपोजी या छोट्या कंपनीच्या स्कॉट मिलर यांनी एक पद्धत रूढ केली. गेमचा पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे भाग टपालानं मागवायचे. १० डिसेंबर १९९३ ला इड सॉफ्टवेअरचा 'डूम' याच पद्धतीनं आला. तीन भागांपैकी पहिला भाग पूर्ण फुकट. तो कॉपी करा, मित्राला द्या, कुणाची हरकत नाही. जगभर तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. ही खरी वानगी होती. पोतं भरलेलं होतं आणि त्यातलीच मूठ काढून दिली होती.

आमच्यापर्यंत ही मूठ सीडीवरून आली. मुंबईहून निघणाऱ्या 'चिप' आणि पुढे 'डिजिट' या मासिकांसोबत सीडी मिळायची. मी कॉलेजात होतो. मासिक एकजण घ्यायचा आणि सीडी दहा घरं फिरायची. शर्यतीच्या गेममधला एक रस्ता, लढाईच्या गेममधली एक मोहीम, की संपलं. शेवटी पाटी यायची, पूर्ण गेम विकत घ्या. विकत कोण घेणार? आम्ही तो एकच रस्ता वर्षभर पळालो. आमच्यासाठी डेमो हाच गेम होता. निराशा होती, पण ती आपल्या खिशाची. सीडी खोटं बोलली नव्हती. फार तर आंब्याच्या पेटीसारखा वरचा थर निवडून लावलेला असायचा, गेममधली सगळ्यात चांगली मोहीम डेमोत घातलेली असायची.

खोटं बोलणारी वस्तू आम्ही त्याआधीच बघितली होती. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डोनं काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात आल्या. त्यातल्या खेळपट्टीला सगळे 'कॅसेट' म्हणत. मी बारा-तेरा वर्षांचा असताना अब्बांनी सोलापूरहून अशी एक कॅसेट आणली. तिच्यावर छापलं होतं, ९९९९ इन १. मी आणि भाऊ वही घेऊन बसलो. मारिओ एक नंबरला, मारिओच तेविसाव्या नंबरला, तोच पुढे दुसऱ्या पायरीपासून, मग जास्तीच्या जीवांसह. वहीत पंधरा-सोळा नावं झाली आणि पुढे नवं काही येईना. अब्बांनी वही बघितली, हसले, आणि मोंढ्यातलं तेच वाक्य म्हणाले.

पोतं भरायच्या आधीची वानगी

मोठी उलथापालथ झाली ती जत्रेनं. १९९५ पासून लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री नावाचा गेमचा वार्षिक मेळा भरू लागला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत येणारे गेम तिथे आधी दाखवायचे, टाळ्या मिळवायच्या, आगाऊ मागणी नोंदवायची. म्हणजे वानगी द्यायची वेळ आली तेव्हा पोतं तर सोडाच, शेतात पीकही उभं नसायचं. पण तारीख ठरलेली. मग वानगी वेगळी बनवावी लागली.

ती कशी बनते हे समजून घेण्यासारखं आहे. गेम म्हणजे हजारो सुटे भाग. चित्रं, हालचाली, आवाज, शत्रूची अक्कल. हे सगळं बरीच वर्षं अर्धवट असतं. मेळ्यासाठी त्यातली आठ-दहा मिनिटं घेतली जातात आणि तेवढीच पूर्ण सजवली जातात. यांच्या भाषेत याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात, म्हणजे सगळे थर दिसतील असा केकचा उभा काप. अडचण एवढीच की केक अजून भाजलेलाच नसतो. काप सुटा भाजलेला असतो. खेळणारा माणूस कंपनीचाच असतो, कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे त्याला पाठ असतं. चालवायला घरातल्यापेक्षा कितीतरी ताकदवान यंत्र असतं. आणि हा काप भाजण्यात त्या टोळीचे कित्येक आठवडे जातात, तेवढे खऱ्या केकच्या वाट्यातून कमी होतात.

२००३ च्या मेळ्यात बंजी कंपनीनं 'हेलो २' दाखवला. तो तुकडा फक्त मेळ्यासाठी जुळवला होता आणि तसा तो गेममध्ये नव्हताच, हे पुढे बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं. २००५ मध्ये सोनीनं 'किलझोन'च्या पुढच्या भागाचं दृश्य दाखवलं. लोकांना वाटलं, गेम असा चालतो. ती आधीच तयार केलेली फिल्म निघाली, गेम २००९ मध्ये आला. बायोवेअर कंपनीच्या 'अँथम'ची गोष्ट तर वेगळीच. २०१७ च्या मेळ्यात तो झळकला, २०१९ च्या फेब्रुवारीत आला आणि लोक निराश झाले. मग पत्रकार जेसन श्रायर यांनी आतल्या लोकांशी बोलून लिहिलं की आपण नेमका कोणता गेम बनवतोय हे कंपनीतल्या कित्येकांना तो डेमो बघूनच कळलं.

इथे मी थोडा थांबलो. कारण हे सरळसरळ लबाडी म्हणावं असं नाही. यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आपण हे खरंच करून दाखवू. पण स्वप्नाला वानगीचे कपडे घालून बाजारात उभं केलं, तर घेणाऱ्यानं ओळखायचं कसं?

जास्तीचं एक अक्षर

याची कोर्टापर्यंत गेलेली गोष्ट म्हणजे 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'. सेगा ही प्रकाशक, गिअरबॉक्स ही बनवणारी कंपनी. मेळ्यात दाखवलेला तुकडा अंधारा, दाट, अंगावर काटा आणणारा. फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम आला तो फिका, आणि त्यातले भयानक परग्रही प्राणी भिंतीला धडकत भरकटत फिरणारे. ब्रिटनमधल्या जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली. चित्रफिती अंतिम गेमशी जुळत नाहीत हे सेगानं मान्य केलं. अमेरिकेत एप्रिल २०१३ मध्ये दावा दाखल झाला. पुढच्या वर्षी सेगानं साडेबारा लाख डॉलरच्या तडजोडीची तयारी दाखवली, पण सगळ्या ग्राहकांच्या वतीनं सामूहिक दावा चालवायला कोर्टानं मान्यता दिली नाही.

याची शेपटी भाषाशिक्षकाला आवडावी अशी आहे. २०१८ मध्ये बातमी गाजली की गेमच्या एका फाइलमध्ये 'टेदर' या इंग्रजी शब्दात एक 'ए' जास्तीचा पडलेला आहे. एका हौशी खेळाडूनं तो काढला आणि ते प्राणी बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागू लागले. शुद्धलेखनाला दोनच गुण का, असं विचारणाऱ्या मुलांना मी आता ही गोष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट शेवट वेगळा असल्यामुळे महत्त्वाची. इंग्लंडमधल्या हेलो गेम्स या चिमुकल्या कंपनीनं 'नो मॅन्स स्काय' दाखवला. अठरावर अठरा शून्यं, म्हणजे मोजता येणार नाहीत इतके ग्रह, प्रत्येक वेगळा. ९ ऑगस्ट २०१६ ला गेम आला. पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. भेट होऊ शकते असं प्रमुख शॉन मरे मुलाखतींत सांगत आले होते. लोक संतापले. ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं त्याच वर्षी जाहिरातीबद्दल कंपनीला दोष दिला नाही, पण लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. मग कंपनीनं तोंड बंद केलं आणि कामाला लागली. एकामागून एक भर, तीही फुकट. २०१८ च्या भरीनंतर खेळाडू खरोखर एकमेकांना भेटू लागले. आज तो गेम चांगल्यांत मोजला जातो. पोत्यात कमी पडलेलं धान्य त्यांनी घरी आणून ओतलं. याला मी आपल्या शब्दात तलाफी म्हणेन. माफी मागणं सोपं असतं, तलाफीला वर्षं लागतात.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा 'सायबरपंक २०७७' त्याच जातीचा. २०१८ मध्ये ४८ मिनिटांचा डेमो, काम चालू आहे अशी पाटी लावून. १० डिसेंबर २०२० ला आला तो जुन्या यंत्रांवर इतका कोलमडत होता की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून उतरवला. पुढे त्यांनीही बरीच दुरुस्ती केली. आणि २०२३ चा 'द डे बिफोर' याच्या उलट. वर्षानुवर्षं देखण्या चित्रफिती, ७ डिसेंबरला विक्री, ११ डिसेंबरला कंपनी बंद झाल्याची घोषणा. चार दिवस. पैसे परत मिळाले, पण पोतं उघडलं तेव्हा आत भुसाही धड नव्हता.

आपल्या घरची गोष्ट

हे सगळं अमेरिका-युरोपातलं, असं म्हणून सुटका नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या दिवशी सुतकात असल्यासारखी होती. दोनच दिवसांनी अक्षय कुमारनं 'फौजी'ची घोषणा केली. बनवणारी बंगळुरूची एनकोर, तिच्यामागे मुंबईत 'इंडियागेम्स' उभी करणारे विशाल गोंडल. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के हिस्सा 'भारत के वीर'ला देण्याचं जाहीर झालं. दसऱ्याला गलवान खोऱ्याची झलक आली. लाखोंनी आगाऊ नावं नोंदवली. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला तेव्हा त्यात एकट्यानं खेळायची हातघाईची मोहीम होती. मित्रांशी मिळून खेळायचे प्रकार 'लवकरच' या पाटीखाली. प्ले स्टोअरवरचे तारे भराभर गळाले.

न्यायानं बघायचं तर झलक खोटी नव्हती, तिच्यातही हातघाईच होती. पबजीची जागा घ्यायला हा गेम नाही, असंही गोंडल म्हणाले होते. पण दवंडीची वेळ अशी निवडली होती की ऐकणाऱ्यानं ज्वारी ऐवजी गहू ऐकावं. माझ्या वर्गातल्या पोरांनी तेच ऐकलं. वानगी खरी असूनही फसगत होते ती अशी.

याच्या उलटही एक गोष्ट आहे, ती आपल्या पुण्यातली. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाच्या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी ते लागून राहिले आणि २०२० मध्ये गेम आला, जगभर नावाजला गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं 'इंडस' २०२२ मध्ये जाहीर केला आणि अर्धवट असताना निवडक खेळाडूंच्या हातात देऊन बघितला. विक्रीआधी लोखंडी नळी घेणाऱ्याच्याच हातात देण्याचा हा प्रकार. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला, कुणाला आवडला, कुणाला नाही. पण हातात घेऊन बघितलेल्याला फसलो असं म्हणता येत नाही.

खियार आजही आहे, पण

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूही त्यात धरल्या आहेत. केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर माझ्या पोराच्या त्या बारीक ओळीचाही विचार आहे. खुलासा जाहिरातीच्याच भाषेत हवा आणि मुख्य दाव्यातली दिशाभूल झाकायला तो वापरता येणार नाही. कॉम्प्युटर गेमचं मोठं दुकान असलेल्या स्टीमनं २०१५ पासून नियम केला आहे की घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. हनफी फिकहमध्ये इमाम अबू हनीफांनी अटीच्या खियारला तीन दिवसांची मर्यादा सांगितली. तेराशे वर्षांनी बाजार हिंडून-फिरून त्याच दारात आला.

पण खियार त्याचाच, ज्याला तो आहे हे माहीत असतं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोराला ना ते कलम माहीत, ना परतीची मुदत. पैसे बापाच्या खात्यातून गेलेले, लाज त्याची स्वतःची. तो गप्प बसतो. गप्प बसताना एक गोष्ट मात्र शिकतो, की दाखवायचं एक आणि द्यायचं एक, हीच जगाची रीत. मला भीती दीड हजारांची नाही, या शिकवणीची आहे. कारण ती आम्हीही देतो.

बीएडच्या वर्षी माझा परीक्षेचा पाठ होता. बाहेरून परीक्षक येणार. पाठाचं टाचण सुंदर, तक्ते रंगीत. आदल्या दिवशी मी वर्गाला सांगून ठेवलं होतं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. परीक्षक खूश झाले. असा जिवंत वर्ग क्वचित बघायला मिळतो, असं म्हणाले. मला चांगले गुण पडले. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात गेलो, कुणीही परीक्षक नव्हते. मागच्या बाकावरच्या एका पोरानं उभं राहून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "सर, आज कोणता हात?"

ही गोष्ट मी वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री पोराला सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, "अब्बा, तुमने भी डेमोच दिया था."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग आम्ही दोघांनी मिळून त्या चित्रफितीखाली दोन ओळी लिहिल्या. शिवी नाही, फक्त काय दाखवलं होतं आणि काय मिळालं. पुढच्या घेणाऱ्याच्या उपयोगी पडतील म्हणून. घरासाठी एक नियमही ठरला. कुठल्याही गेमची झलक बघितली की आधी विचारायचं, पोतं भरलंय का? म्हणजे गेम बाजारात आलाय का, कंपनीबाहेरच्या कुणी तो साध्या यंत्रावर खेळून दाखवलाय का, आवडला नाही तर किती दिवसांत परत करता येतो. उत्तर नाही असेल तर ती वानगी नाही, नुसतं चित्र आहे. चित्र बघावं, आनंद घ्यावा, ईदी कंपासपेटीतच ठेवावी.